नारळावरचा डाव

आगरदांडा
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय रत्नपाल,
सप्रेम जयभीम.

टक्. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग कोपऱ्याच्या जाळीत सोंगटी पडल्याचा तो मऊ आवाज, ओल्या मातीवर पिकली सुपारी पडावी तसा. आज दुपारी जेवून जरा आडवा झालो तर तोच आवाज कानात आला. उठून अंगणात आलो. कोणी नव्हतं, एक कावळा पन्हळीवर चोच आपटत होता. पण मला सांग, कावळ्याच्या चोचीतून पन्नास वर्षांपूर्वीचं हमीदभाईचं हॉटेल कसं काय उभं राहतं?

तुझे कान गेले, फोनचा उपयोग नाही, म्हणून तर आपण म्हातारपणी पोरासोरांसारखी पत्रं लिहितो. आणि मी तुला आवाजाचंच वर्णन करत बसलोय. रागावू नकोस.

तेव्हा दिघीची लाँच भरती-ओहोटी बघून सुटायची. पाणी उतरलं की माणसं जेट्टीवर अडकायची, मुंबईहून गावी निघालेले चाकरमानी, त्यांच्या ट्रंका, रडकी पोरं. हमीदभाईच्या हॉटेलात बाकड्यांच्या मधोमध तो कॅरमबोर्ड. आधी मी बसायचो. कविता म्हणत म्हणत हरायचो. दोन डावांत समोरच्याची छाती फुगायची. मग कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेल्या तुझ्याकडे मी बोट दाखवायचो, "आता त्या कॉलेजवाल्याला हरवा बघू." तू पांढरी पँट झटकत उठायचास. "मला नीट येत नाही हो," म्हणत पहिला डाव घालवायचास. दुसऱ्या डावाला नारळ लागायचे आणि मग लाँच येईपर्यंत तो माणूस मोकळ्या पिशवीकडे बघत बसायचा. पैसे कधी नाही. हमीदभाई म्हणायचा, "पैसा लावला तर पोलीस येतो. नारळ लावला तर कोण येणार? देव!"

तू खेळताना मी मागे उभा राहून खाडीची कविता म्हणायचो. तिसरीत मास्तरांनी आमच्यासाठी स्वतः रचलेली.

खाडी भरली, होडी हलली, कोण चालले दूर गं,
पैलतिराच्या माडामागे उरला थोडा सूर गं.

पुढे शाळेत शिपाई झालो, तास झाला की घंटा द्यायची आणि व्हरांड्यात बसून पहिली ते सातवीच्या कविता ऐकायच्या. शेकडो ऐकल्या. पण ही एक काही केल्या जुनी होत नाही.

गणपतीत मंडळाने माझा छोटासा सत्कार केला. हमीदभाईकडच्या नारळांच्या डावांच्या जुन्या आठवणी सांगतो म्हणून, दुसरं काही नाही. शाल दिली. तेव्हापासून जेट्टीवरच्या शकूची मुलगी प्राप्ती घरी येते. दहावीला आहे. शकू पर्यटकांसाठी खानावळ चालवते, तू ओळखणार नाहीस. पोरगी कॅरम खेळते, तालुक्याला पहिली आली. सहज गप्पा मारते झालं.

तर सहजच विचारतो, नुसत्या आठवणीखातर. ती काठाला लागून बसलेली सोंगटी तू समोरच्या काठावरून उलटी आणायचास ती कशी? स्ट्रायकर कुठे ठेवायचास? जमल्यास लवकर लिही. नुसत्या आठवणीखातर.

तुझा
दादू

*

श्रीवर्धन
१ ऑक्टोबर २०२४

दादू,
रामराम.

पत्र मिळालं. "नुसत्या आठवणीखातर" हे तू दोनदा लिहिलं आहेस. वर्गात एखादा मुलगा न विचारता "गुरुजी, मी पेन घेतलं नाही" म्हणाला की मी आधी त्याचंच दप्तर तपासायचो.

तू इतकी वर्षं मुद्दाम हरलास. ज्याला मुद्दाम चुकवता येतं त्याला बरोबर काय ते ठाऊक असतंच. मग मला कशाला विचारतोस?

असो. विचारलंस म्हणून सांगतो. काठाला चिकटलेली सोंगटी सरळ मारायला जाऊ नये. स्ट्रायकर आपल्या रेषेवर, सोंगटी ज्या बाजूला असेल त्याच बाजूला ठेवायचा, समोरच्या काठावर आपटून परत येऊ द्यायचा. जोर निम्मा. नवीन मुलं जोर पूर्ण लावतात आणि सोंगटी बोर्डभर पळते. आणि नजर सोंगटीवर नको, जाळीवरही नको. स्ट्रायकर सोंगटीला जिथे शिवणार तो ठिपका बघायचा. बोट टिचकीसारखं उडवायचं नाही, ढकलायचं. करंगळी बोर्डावर टेकलेली हवी. ती टेकली नाही तर हात पाहुण्यासारखा बसतो, कधी उठेल सांगता येत नाही.

एक ताकीद. माझं नाव कुठे घेऊ नकोस. मंडळात नाही, त्या मुलीजवळ तर मुळीच नाही. मी तेहतीस वर्षं परिपाठाला जुगाराविरुद्ध बोललो. माझे विद्यार्थी आज तलाठी आहेत, नर्स आहेत, एक फौजदार आहे. रस्त्यात वाकून नमस्कार करतात. मानसीला तर मी कॅरम खेळायचो हेही माहीत नाही. आमच्या लग्नात मी तिला सांगितलेला छंद वाचन हा होता.

आणि आई. ठमाबाई कशी होती तुला ठाऊक आहे. एका वर्षी मी जिंकलेल्या नारळांचं पोतं घरी नेलं. तिने एक हातात घेतला, त्याला हळदकुंकू लागलेलं होतं. कुणीतरी हरिहरेश्वरला नवस फेडायला निघालेला असणार, आणि आपण तो घेतला. आई म्हणाली, "आपण त्या देवाला मानत न्हाय, पण तो मानत होता ना?" पोतं उचलून खाडीत ओतलं. मी काठावर उभा राहून बघत होतो. नारळ बुडत नाहीत. ओहोटीला लागून निघाले, एकामागून एक.

तुझी ती कविता मला आवडत नव्हती, हे आज लिहून टाकतो.

रत्नपाल

*

आगरदांडा
१२ ऑक्टोबर, दसरा

प्रिय रत्नपाल,
सप्रेम जयभीम. सोनं समज.

तुझी करंगळी लागू पडली! म्हणजे पोरीला सहज बोलता बोलता सांगितलं आणि तिने तिथल्या तिथे काठावरची सोंगटी आणली. अंगणात बोर्ड मांडला होता, आठ-दहा पोरं जमली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, हात पाहुण्यासारखा बसू नये बाळांनो. सगळे म्हणाले, वा!

तू म्हणतोस तसं दप्तर तपासलंस तर सापडेल, म्हणून सांगतो. मी तिला थोडंफार शिकवतोय. तुझं नाव अर्थात घेतलं नाही. ती मोबाइलवर व्हिडिओ बघते, पण मला म्हणाली, "आजोबा, व्हिडिओ मला चूक दाखवतो, पण माझी चूक बघत नाही ना." पंधरा वर्षांची पोर आणि काय बोलली बघ. मला रडू यायचं राहिलं.

तिची चूक मी बघितली आहे. म्हणजे बघितली असं वाटतं. ती घाई करते. स्ट्रायकर ठेवला रे ठेवला की मारते. तिच्या हातात काय आहे कोण जाणे, पेटलेली लवंगी धरल्यासारखा सोडून देते. साधं मारलं की जातं, पण डाव अटीतटीचा झाला की घाई वाढते. याला काय करावं? नोव्हेंबरात अलिबागला जिल्ह्याची स्पर्धा आहे. पहिल्या दोघी राज्याला जातात. शकू म्हणते, "काका, ही राज्याला खेळली तर खेळाडू म्हणून कालेजात नाव लागंल. न्हायतर मी तरी कुठून घालू?" घरात तिचा एकटीचा हात आहे.

मी स्वतः करून दाखवलं असतं, पण आता हाताला कंप सुटतो. उजव्या. वयोमान. पोरं म्हणाली, आजोबा एकदा मारून दाखवा, एकदाच, तर मी हात पुढे केला आणि तो असा थरथरला की सगळी गप्प झाली. शकू बोलली, "हात हाय का पिपळाचं पान?" आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी तीळतेल कोमट करून घेऊन येते. पोरगी अभ्यास सोडून माझी बोटं चोळते. एक एक बोट. नको म्हटलं तरी ऐकत नाही. त्या वेळी कुठे बघावं ते मला समजत नाही, मी आपला माडाच्या शेंड्याकडे बघतो.

बरं, सुट्टी असली तरी पत्र आजच पेटीत टाकतो आहे. तूही उशीर करू नकोस. ती रोज विचारते.

दादू

*

श्रीवर्धन
२१ ऑक्टोबर २०२४

दादू,
रामराम.

हाताचं वाचून बरं वाटलं नाही. कधीपासून आहे? झोपेत थांबतो का? घास घेताना सांडतं का? हे अंगावर काढू नकोस. इथे सरकारी दवाखान्यात माझी एक विद्यार्थिनी परिचारिका आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, मोठ्या डॉक्टरांना दाखवाच. महाडला जायचं असेल तर मी सोबत येतो. तू ऐकशील आणि मी बघेन, मिळून एक धड माणूस होईल.

मी तुझ्याशी नेहमी उपरोधाने बोलतो. ती सवय शाळेने लावली, ती जात नाही. पण तुझा हात थरथरतोय हे वाचल्यावर दोन दिवस माझंच लक्ष लागलं नाही. मानसीने पाटीवर लिहून विचारलं, "काय झालं?" मी लिहिलं, "मित्र आजारी." (कान गेल्यापासून आमचा संसार पाटीवर चालतो. खडू मी आणि ती अर्धा अर्धा वापरतो.)

मुलीच्या घाईबद्दल. मारण्यापूर्वी एक श्वास पूर्ण सोडायला सांग. पुन्हा भरायच्या आत मारायचं. याने फरक पडेल, पण फार नाही. घाईवर खरा उपाय वेगळा आहे. तो मला पत्रात लिहिता येईल असं वाटत नाही. बघू.

एक मात्र नीट वाच. राणीबद्दल तिला काही सांगू नकोस. लाल सोंगटी आधी घ्यावी की नंतर, हे दर डावाला बोर्ड बघून ठरतं आणि ते खेळणाऱ्यालाच दिसतं. बाजूला बसलेल्याने सांगू नये. मीही सांगणार नाही. राणी घेतली आणि तिच्या पाठोपाठ आपली सोंगटी जाळीत गेली नाही तर राणी परत मध्ये ठेवावी लागते आणि खेळणाऱ्याचं मन तिच्याबरोबर तिथेच राहतं. स्पर्धेत कोणी विचारलं तर म्हण, तुला दिसतं ते कर.

सोबत माझा जुना स्ट्रायकर पाठवतो आहे. ट्रंकेच्या तळाशी, बी.एड.च्या प्रमाणपत्राखाली होता. स्पर्धेत चालणार नाही, वजन जास्त आहे. सरावाला दे. कुणाचा म्हणून विचारलं तर तुझाच म्हण.

हाताला जप.

रत्नपाल

*

आगरदांडा
१६ नोव्हेंबर २०२४

रत्नपाल,

"प्रिय" लिहायला हात होत नाही. हाताला काही झालेलं नाही, हे पहिल्यांदा लिहितो. कधीच काही झालेलं नव्हतं. तुझ्या त्या पत्राला उत्तर पाठवलं नाही ते यासाठीच. तू महाडला येतो म्हणालास ते वाचून मी पत्र देव्हाऱ्यामागे ठेवलं आणि पाठ फिरवून बसलो.

सगळं सांगतो. गणपतीतला सत्कार छोटासा नव्हता. जेट्टीच्या नाक्यावर माझा फोटो लावलेला मोठा फलक होता आणि त्यावर "कॅरममहर्षी" असं छापलेलं होतं. मी रोज दूध आणायला त्याच्याखालून जात होतो. हमीदभाईने एकदा "मुद्दाम हरतोस ना रे?" विचारलं तेव्हा मी नुसता हसलो होतो ना, त्या हसण्याचं हे एवढं झालं. गावाला वाटतं, दादू मोठा खेळाडू, पण मित्रासाठी मुद्दाम हरायचा. मला एकदाही मुद्दाम हरावं लागलं नाही रे. मी जीव तोडून खेळायचो. सोंगटी जायचीच नाही. म्हणून तर कविता म्हणायचो, तोंड काहीतरी करत असलं की हरल्याचं दिसत नाही.

तर अलिबागला गेलो. शकूने खानावळ बंद ठेवली. मला खुर्ची दिली, पहिल्या रांगेत. प्राप्ती एकेक करत शेवटच्या सामन्यात पोचली. समोर पनवेलची मुलगी, थंड डोक्याची, चष्मेवाली. एक डाव हिचा, एक तिचा. तिसऱ्याच्या आधी पाणी प्यायला प्राप्ती माझ्याकडे आली. "आजोबा, ती प्रत्येक वेळी राणी लवकर उचलते. मी काय करू? आधी राणी की आधी माझ्या?"

तू लिहिलेलं मला शब्दन्शब्द पाठ होतं. तुला दिसतं ते कर. पुरते पाच शब्दही नाहीत. पण आजूबाजूची माणसं वळली. आपल्या मंडळाचा एक पोरगा ओरडला, "महर्षी, सांगा की!" आणि मी, रत्नपाल, मी हात वर करून म्हणालो, "राणी आधी! राणी ज्याची, राज्य त्याचं!"

टाळ्या पडल्या. पोरीने मान डोलावली. माझ्यावर तिचा एवढा विश्वास. तिने राणी घेतली, सुंदर घेतली, आणि मग घाई झाली. पाठोपाठची सोंगटी काठाला लागून परत आली. राणी मध्ये आली. तू म्हणालास तसंच, तिचं मन तिथेच राहिलं. हरली. दुसरी आली, म्हणून राज्याला जाईल, तेवढं देवाने राखलं. पण ज्या तऱ्हेने हरली ते बघवलं नाही. रडली नाही. सोंगट्या गोळा करून डब्यात ठेवल्या, काळ्या-पांढऱ्या वेगळ्या करून.

परतताना अलिबागच्या स्टँडवर शकूने चहा घेतला. मला ग्लास दिला, काठोकाठ भरलेला, कढत. माझं मन राणीतच होतं. मी तो धरला, फुंकर घातली, प्यालो. प्राप्ती समोर बसून बघत होती. हळूच म्हणाली, "आजोबा, चहा सांडला नाही."

शकू म्हणाली, "व्हय, तेल लागू पडलं वाटतं!" केवढी हसली ती. मी पोरीकडे बघितलं आणि पोरीने माझ्याकडे. मग मी तिथेच, कंडक्टर रेवदंडा-मुरूड ओरडत असताना, सांगून टाकलं. मी कधी खेळलो नाही. मला येत नाही. शिकवलं ते माझं नव्हतं, राणीचं तेवढं माझं होतं.

शकूचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. प्राप्तीने माझ्या हातातला रिकामा ग्लास घेऊन बाकावर ठेवला. मग म्हणाली, "मी काही विचारलं की तुम्ही म्हणायचात, विचार करून सांगतो. मला वाटायचं केवढा विचार करतात. तुम्ही स्वप्निलदादाची वाट बघायचात." स्वप्निल म्हणजे आमचा पोस्टमन. "मग मला शिकवतंय कोण?"

तुझं नाव मी घेतलं नाही. एवढी एक गोष्ट सरळ केली.

त्यानंतर ती आली नाही. बोर्ड माझ्या पडवीत भिंतीला टेकून आहे, तोंड भिंतीकडे. शकू मात्र अजून तेलाची वाटी पाठवते, शेजारणीच्या हाती. म्हणे हात बरा असला तरी गुडघ्यांना लावा. ती वाटी बघून मला नाक्यावर जाववत नाही. फलक मी मंडळाला उतरवायला सांगितला तर ते म्हणाले, काका, विनय तो किती!

काल स्वप्निल सांगत होता, प्राप्तीने त्याला विचारलं, आजोबांना पत्रं कुठून येतात. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "पाकिटामागं नाव-पत्ता टपोऱ्या अक्षरात लिवलेला असतो. मी काय डोळे मिटून टपाल वाटू?" त्याने सांगितलं की नाही ते मला समजलं नाही. सांगितलं असेल तर माफ कर.

तू आलास तर राज्याच्या आधी तिला काही मिळेल. तुला ये म्हणण्याचं तोंड मला नाही. तुझा स्ट्रायकर परत पाठवतोय. मी तो तिला "माझा" म्हणून दिला होता. तिने तो अलिबागहून आल्यावर उंबऱ्यावर ठेवला, धुऊन.

दादू

*

श्रीवर्धन
२४ नोव्हेंबर २०२४

दादू,
रामराम.

तुझा हात धड आहे हे वाचून मी आधी देवळाबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसलो आणि मग तुला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या असणार, कारण दोन बायका उठून गेल्या. मला माझा आवाज कळत नाही.

आता तुझ्या गुन्ह्यांचं एकेक करून बघू. फलकाचा फोटो मानसीच्या मोबाइलवर सप्टेंबरातच आला होता. तिच्या आगरदांड्याच्या मावसबहिणीने पाठवला. मानसीने पाटीवर लिहिलं, "हे तुमचे मित्र ना? एवढे मोठे खेळाडू?" मी लिहिलं, "हो." तेव्हा खोटं तू एकट्याने बोललेला नाहीस.

तुला खेळता येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझी करंगळी नेहमी हवेत असायची, चहाचा कप धरल्यासारखी. हमीदभाईलाही माहीत होतं. तू हसलास तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला होता.

राणीचं मात्र माफ नाही. ते तू टाळ्यांसाठी केलंस.

आता माझं. घाईवरचा खरा उपाय पत्रात लिहिता येत नाही म्हणालो होतो. लिहिता येत होता. लिहिण्याची लाज वाटत होती. तू मागे उभा राहून ती कविता म्हणायचास. "खाडी भरली, होडी हलली," इथे तू थांबायचास. दर वेळी, त्याच मापाने, मास्तरांनी शिकवलं तसा. त्या थांब्यात मी मारायचो. बाकी वेळ बोट रोखून धरायचं आणि तू थांबलास की सोडायचं. समोरच्याला वाटायचं हा येडा मध्येच कविता काय म्हणतोय, त्याचं चित्त उडायचं, माझं बसायचं. तू नसलास त्या दिवशी मी मुद्दाम खेळायला बसत नसे. एकदा तुला ताप होता तेव्हा बसलो आणि मुरूडच्या एका शिंप्याकडून हरलो. ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक मला खेळाडू म्हणत ते अर्धं तुझ्याकडे गेलं असतं. पन्नास वर्षं तुला मी आमिष समजू दिलं. कविता आवडत नाही असंही मागे लिहिलं. ती आवडत होती. कान गेले तेव्हा मानसीला वाटलं मला तिचा आवाज जाण्याचं दुःख आहे. तेही होतं.

म्हणून मी येऊन उपयोग नाही. बोट माझ्याकडे आहे, पण थांबा तुझ्याकडे आहे आणि तो मला आता ऐकू येत नाही. तू शकूकडे जा. तेलाची वाटी घासून परत कर. मुलीला सांग, तू बोर्डावर बस, मी मागे उभा राहतो, मी थांबेन तिथे मार. तोंडपाठ झाली की ती मनातल्या मनात म्हणेल, स्पर्धेत तिला कोणी अडवणार नाही. हे तिला तुझ्याशिवाय कोणी शिकवू शकत नाही. तुला हे माझ्या पोस्टाची वाट न बघता येतं.

मी येणार नाही आणि माझं नाव येऊ देऊ नकोस. मला भ्याड म्हण. पुढच्या महिन्यात शाळेचा मेळावा आहे, मला व्यासपीठावर बसवणार आहेत. माझ्या त्या सगळ्या तलाठ्या-फौजदारांसमोर. आईच्या त्या पोत्यातला एक नारळ मी ओहोटीत पाण्यात उतरून परत आणला होता, हळदकुंकवाचाच. कुणाला देणार होतो? तो माणूस तर केव्हाच लाँचमधून गेला होता. घराच्या मागे पुरला. तिथे आता काही नाही, रस्ता आहे. हे फक्त तुला माहीत.

पाकिटामागे पत्ता लिहायची हेडमास्तरी सवय मला नडली. या पत्रामागे लिहिणार नाही.

इथवर लिहिलं आणि मानसी पाटी घेऊन आली आहे. एरवी पाटीवर "जेवायला चला" असतं, नाहीतर "गॅसवाला आलाय." आज अक्षर मोठं आहे आणि ती पाटी माझ्या हातात न देता छातीशी धरून उभी आहे. जसं आहे तसं उतरवतो.

"दारात एक मुलगी आहे. एकटीच. आगरदांड्याहून फेरीबोटीने आली म्हणते. हातात नारळ आहे. रत्नपाल गुरुजींशी या नारळावर एक डाव खेळायचा आहे म्हणते. हे काय प्रकरण आहे?"